ठकठक आणि टकटक

मराठी व्याकरणात अभ्यस्त शब्दांचे तीन प्रकार सांगितले आहेत: पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त आणि अनुकरणवाचक. यांतला तिसरा प्रकार विद्यार्थ्यांच्या विशेष आवडीचा. त्यात उदाहरणे पाठ करावी लागत नाहीत, कान उघडे ठेवले की झाले. खडखड, धडधड, किरकिर, घरघर, टकटक, खुळखुळ. अंबाजोगाईच्या एका महाविद्यालयात अठरा वर्षे मी हा धडा शिकवीत आलो आहे, आणि गेल्या दिवाळीपर्यंत माझी अशी प्रामाणिक समजूत होती की या शब्दांतले आपल्याला बरेच काही कळते. ती समजूत एका जुन्या मोटारीने तीन मिनिटांत उतरवली. ती कशी, ते सांगायचे म्हणजे माझ्या हातून घडलेली एक मोठी चूक सांगावी लागणार. घरात ती सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा वाचकांपासून लपवण्यात अर्थ नाही.

मोटार आमच्या अण्णांची. अण्णा केजला डॉक्टर होते. केजला आजही रेल्वे नाही. खुद्द बीड शहरात आगगाडी पोचली ती २०२५ च्या १७ सप्टेंबरला. मग चाळीस वर्षांमागे केजच्या आसपासच्या वाड्यावस्त्यांवर रात्री-अपरात्री जायचे तर डॉक्टरने काय करावे? अण्णांनी १० वर्षे फटफटी चालवली आणि १९८४ साली सोलापूरच्या एका व्यापाऱ्याकडून १९७९ सालची प्रीमियर पद्मिनी विकत घेतली. नवी घ्यायची तर नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, म्हणून जुनी. गाडी सोलापूरची याचा अण्णांना उगीचच अभिमान होता. "अरे, वालचंदशेठ सोलापूरचे," ते म्हणत, जणू शेठजींनी ती स्वतः पुसून त्यांच्या हवाली केली होती! वालचंद हिराचंदांनी प्रीमियर कंपनी काढली १९४४ साली, कारखाना कुर्ल्याला. पुढे इटलीच्या फियाटशी करार होऊन १९६४ पासून तिथे जी 'फियाट ११०० डिलाइट' निघू लागली, तिचेच १९७४ पासूनचे नाव पद्मिनी. शेठजी तर १९५३ सालीच वारले होते. पण अण्णांना हे सांगण्याची आमची प्राज्ञा नव्हती.

या गाडीचा आवाज आमच्या बालपणाचा भाग आहे. बॉनेटखालून एक बारीक, एकसारखी टकटक ऐकू येई, शिवणयंत्र चालल्यासारखी. रात्री ती टकटक दूर वळणावर ऐकू आली की आई चुलीवर भात चढवी. धारूरला दिलेली माझी आत्या, अण्णांची थोरली बहीण, भाऊबीजेला ओसरीवर बसून असे आणि गाडी गल्लीच्या तोंडाशी येताच ओवाळणीचे ताट घेऊन उठे. गाडी दिसायच्या आत. एकही भाऊबीज अण्णांनी चुकवली नाही.

२०१३ साली आई गेली. त्यानंतर अण्णा गाडीत बसले नाहीत. दवाखाना त्यांनी आधीच बंद केला होता. गाडी पत्र्याच्या पडवीत गेली, तिच्यावर एक जुने सतरंजीवजा कापड पडले, आणि तिच्या टपावर हळूहळू पापडाची सुपे वाळू लागली. भंगारवाले वर्षातून दोनदा विचारून जात. अण्णा त्यांना चहा पाजून परत पाठवीत.

गेल्या वर्षी आत्या अंथरुणाला खिळली. वय ८८. दिवाळीला आम्ही केजला गेलो, तेव्हा वसुबारसेच्या दिवशी अण्णा सहज म्हणावे तसे म्हणाले, "यंदा आक्काकडे आपल्या गाडीतून जाऊ. तिला आवाज कळतो."

वडिलांनी १२ वर्षांत मुलाकडे मागितलेली ही एकच गोष्ट. मी पडलो उत्साही माणूस. दुसऱ्याच दिवशी अंबाजोगाईहून नवी बॅटरी आणली, टायरांत हवा भरून घेतली, टाकीत पाच लिटर पेट्रोल ओतले. तेलाची काठी काढून पाहिली तर तेल अगदी वरच्या खुणेपर्यंत! १२ वर्षांत थेंब कमी झालेला नाही, याचे मला केवढे कौतुक वाटले! पाडव्याच्या सकाळी अण्णा स्नानाला गेले आहेत असे पाहून, त्यांना चकित करावे म्हणून मी किल्ली फिरवली. सेल्फ कण्हला, गप्प झाला, पुन्हा कण्हला. पाचव्या-सहाव्या खेपेस गाडी चालू झाली. मुले टाळ्या पिटू लागली.

आणि खालून आवाज आला. ठक, ठक, ठक, ठक.

समोरच्या फळीवर तेलाचा लाल दिवा लागलेला होता. मी मनाशी म्हटले, जुनी तार असेल, दिवा चिकटला असेल. आवाजाविषयी म्हटले, १२ वर्षे झोपलेला माणूस उठताना हाडे मोडायचीच. गरम झाली की थांबेल. ती लवकर गरम व्हावी म्हणून मी अॅक्सिलरेटर दाबला. आवाज वाढला. मी आणखी दाबला.

अण्णांना अलीकडे शेजारी बसून बोललेले ऐकू येत नाही. पण त्या दिवशी ते न्हाणीघरातून, दोन भिंतींपलीकडून, ओल्या पंचानिशी धावत आले. "बंद कर! आधी बंद कर!" तो स्वर मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. मी किल्ली काढली. अण्णा बॉनेटवर हात ठेवून उभे राहिले. मग एवढेच म्हणाले, "चाचाला फोन लाव."

चाचा म्हणजे अंबाजोगाईचे म्हातारे मिस्त्री. आता दुकान मुलगा पाहतो, पण पद्मिनीचे नाव निघाले की ते स्वतः उठतात. फोनवरचे आमचे संभाषण मी जसेच्या तसे देतो, कारण माझ्या अठरा वर्षांच्या अध्यापनाची ती परीक्षा होती.

"आवाज कसला आहे, सर?"

"खडखड."

"खडखड म्हंजे डब्यात खडे हालवल्यावानी. तसा आहे?"

"नाही, तसा नाही. ठकठक."

"वरून का खालून?"

"खालून वाटला."

"रेस दिली का वाढतो? दाबून, लाकडावर हातोडा बसल्यावानी?"

"हो."

पलीकडे क्षणभर शांतता. मग, "लाल दिवा?"

"लागला होता."

"किती वेळ चालवली?"

"अर्धा मिनिट," मी म्हणालो. अण्णा समोर उभे होते. खरा वेळ तीन मिनिटांच्या आसपास होता.

भाऊबीजेला आम्ही भाड्याच्या जीपने धारूरला गेलो. आत्याने पडल्या पडल्या विचारले, "गाडी कुठं रे?" अण्णा म्हणाले, "दुखण्याला पडलीय." माझे नाव त्यांनी घेतले नाही.

दिवाळी झाल्यावर चाचा आले. गाडीला हात लावण्यापूर्वी त्यांनी मला समोर बसवून जे समजावले, ते मी पुढे पुस्तकांतूनही पडताळून पाहिले. अक्षर अन् अक्षर खरे निघाले.

इंजिनातला मोठा दांडा, ज्याला क्रँक म्हणतात, तो बेअरिंगला टेकलेला असतो असे आपल्याला वाटते. चालत्या इंजिनात तो टेकत नाही. तेलाच्या एका पडद्यावर तो तरंगतो. हा पडदा केसाहूनही कितीतरी पातळ असतो, पण पेटलेल्या पेट्रोलचा सारा धक्का तोच सोसतो. १८८३ च्या सुमारास इंग्लंडात ब्यूशँप टॉवर नावाचा एक इंजिनियर आगगाडीच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होता. वरून तेल सोडावे म्हणून त्याने बेअरिंगला माथ्यावर भोक पाडले, तर तेल आत जाण्याऐवजी भोकातूनच वर येऊ लागले. त्याने बूच मारले. तेलाने ते वर ढकलून दिले. फिरणारा आस स्वतःच तेल ओढून अरुंद फटीत दाबतो आणि त्या दाबावर स्वतः उचलला जातो, हे तेव्हा ध्यानात आले. ऑस्बर्न रेनॉल्ड्स याने १८८६ साली त्याचे गणित मांडले. आजही प्रत्येक मोटारीचे बेअरिंग त्याच न्यायाने चालते.

आता गाडी बारा वर्षे उभी राहिली तर काय होते? तेल थेंबाथेंबाने नळ्यांतून, बेअरिंगांतून निथळून खालच्या चेंबरात उतरते. माझी काठी वरच्या खुणेपर्यंत भिजली होती, ती याच कारणाने! जिथे पाहिजे तिथले सगळे तेल खाली आले होते. चेंबराच्या तळाशी जुन्या तेलाचा गाळ बसून जाळी अर्धी बुजलेली. पंपाचे दात कोरडे. कोरडा पंप हवा फिरवतो, तेल ओढत नाही. अशा वेळी किल्ली फिरवली की लोखंडी दांडा बेअरिंगच्या मऊ धातूवर उघडाच घासतो आणि प्रत्येक ठिणगीबरोबर त्याच्यावर आपटतो. आपटण्याचा तो आवाज म्हणजे माझी ठकठक. आणि लाल दिवा चिकटलेला नव्हता. साऱ्या गाडीत त्या वेळी खरे बोलणारा तेवढा एकच होता.

पण उठताना येणारा प्रत्येक आवाज मरणाचा नसतो, हे चाचांनी बजावून सांगितले. पद्मिनीच्या झडपा वरच्या बाजूला, त्यांना उघडणारे टॅपेट तिथेच. त्यांच्यात मुद्दाम फट ठेवलेली असते. तिची टकटक हलकी, वरून येणारी. तेल वर पोचायला वेळ लागतो, म्हणून आरंभी ती जास्त असते. पिस्टन झिजून सैल झाला असेल तर थंड इंजिनात पोकळ डबडब वाजते, आणि पिस्टन तापून फुगला की ती विरते. या दोहोंना घाबरायचे कारण नाही. बेअरिंगचा आवाज मात्र खोल असतो, रेस दिली की वाढतो, आणि इंजिन गरम होऊन तेल पातळ झाले की कमी न होता चढतो. कोणत्या सिलिंडरचा, तेही कळते. एकेका प्लगची तार क्षणभर काढायची. जिची काढल्यावर ठोका मंदावेल तिथे दुखणे. वैद्यांची नाडी यापेक्षा काय वेगळी असणार! लांब पेचकसाची मूठ कानाला आणि टोक इंजिनाला लावून चाचा ऐकतात, तेव्हा अण्णांच्या गळ्यातला जुना स्टेथोस्कोप मला आठवल्याशिवाय राहत नाही.

पुस्तकांत ज्याला 'नॉकिंग' म्हणतात तो आणखी चौथाच प्रकार. चढावर, भार असताना, पेट्रोल वेळेआधी भडकून धातूवर बांगड्या खुळखुळल्यासारखा नाद येतो. तो पेट्रोलच्या प्रतीचा किंवा ठिणगीच्या वेळेचा दोष. तो थांबवण्यासाठी १९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली याने पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालण्याची युक्ती काढली आणि साऱ्या जगाने पुढे अनेक दशके शिसे हुंगले; आपल्या देशात ते २००० साली बंद झाले. गाडी उभ्या जागी चालू करताना हा आवाज सहसा येत नाही. तरी बरीच मंडळी, आणि मीही त्यांतलाच, सगळ्या ठोक्यांना एकच नाव देऊन मोकळी होतात.

चाचांनी चेंबर उतरवला. तेलात बोट बुडवून त्यांनी ते उन्हात धरले. बोटावर चांदीची पूड चमकत होती. त्यांनी ते बोट मला दाखवले, अण्णांना दाखवले आणि हळूच म्हणाले, "सर, अर्ध्या मिनटात एवढं उतरत नाही."

मी अण्णांकडे पाहिले नाही. "तीन मिनिटं," मी म्हणालो. अण्णा काही बोलले नाहीत. उठून आत गेले आणि थोड्या वेळाने तिघांचा चहा घेऊन आले.

तिसऱ्या सिलिंडरचे बेअरिंग गेले होते, आणि त्याच्याखाली क्रँकवर नखाला लागतील असे ओरखडे होते. क्रँक लातूरला ग्राइंडिंगला गेला. ओरखडे काढायला तो घासून किंचित बारीक करतात आणि मग त्या मापाची जाड बेअरिंगे बसवतात. ही बेअरिंगे मिळवताना नाकी नऊ आले. एके काळी मुंबईत हजारोंनी पद्मिनी टॅक्सी धावत, तेव्हा त्यांचे भाग कोपऱ्यावर मिळत. ताडदेवच्या कार्यालयात २००३ च्या २९ ऑक्टोबरला नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांची मर्यादा संपून २०२३ च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. त्याबरोबर भागांचा व्यापारही आटला. चाचांच्या मुलाने मुंबईच्या जुन्या मालातून दोन महिन्यांनी संच शोधून आणला. त्याच्या किमतीत माझा दिवाळी बोनस आणि सौभाग्यवतींची पैठणी, दोन्ही गेली. कागदपत्रांचा जाच वेगळाच. नोंदणीचे नूतनीकरण, विमा, धुराचा दाखला. २०२१ च्या नियमाने गाडी ५० वर्षांची झाली की तिला 'व्हिंटेज' म्हणून मान मिळतो. आमचीला अजून तीन वर्षे आहेत. तोवर ती नुसती म्हातारी.

एका बाबतीत मात्र दैव आमच्या बाजूने होते. सिलिंडरांना आतून गंज नव्हता. समुद्रकाठच्या दमट हवेत बारा वर्षांत पिस्टनच्या रिंगा भिंतीला चिकटून बसल्या असत्या. आमच्या जिल्ह्यात पाऊस नसतो याचा फायदा आयुष्यात प्रथमच झालेला पाहिला! धूळ भरपूर होती, आणि हवेच्या गाळणीत उंदरांनी संसार थाटला होता.

टाकीतले जुने पेट्रोल वार्निशसारखे वास मारत होते. त्यातच मी नवे ओतले होते. या नव्या पेट्रोलची एक गंमत चाचांनी सांगितली, ती आमच्या बीडच्या माणसाला जरा आतवर लागते. त्यात आता शेकडा २० पर्यंत इथेनॉल असते, आणि इथेनॉलचा काही हिस्सा उसाचा. दसरा-दिवाळी झाली की आमच्या जिल्ह्यातली गावेच्या गावे कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला निघतात. नवराबायकोची जोडी म्हणजे 'एक कोयता', असा हिशोब. त्यांनी तोडलेल्या उसाचे इथेनॉल पेट्रोलमधून परत आमच्याच पंपावर येते. इंजिन ठोकण्याशी त्याचा संबंध नाही, उलट ते वेळेआधी भडकू देत नाही. पण ते हवेतले पाणी पिते. गाडी फार दिवस उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी बसतात आणि पहिल्यांदा तेच कार्बोरेटरकडे ओढले जातात. जुन्या गाडीतले रबरही त्याने फुगते, चिरते. चाचांनी सगळ्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा बदलला आणि सांगितले, "गाडी उभी ठेवायची तर टाकी रिकामी ठेवा."

माघात इंजिन बसले. नवे तेल भरले. मी सवयीने किल्लीकडे हात नेला, तर चाचांनी मनगट धरले. आधी चारही प्लग काढले. प्रत्येक भोकातून चमचाभर तेल सोडले. मग गिअर चौथ्यात टाकून गाडी अंगणात ढकलायला लावली. प्लग नसल्याने ती सहज सरकते आणि चाकांबरोबर इंजिनही आतून हळूहळू फिरते. मी, चाचांचा मुलगा, माझी दोन मुले असे आम्ही ढकलत होतो आणि अण्णा खिडकीतून हात घालून सुकाणू धरून चालत होते. कुठे अडकत नाही अशी खात्री पटल्यावर मला आत बसवले. प्लग अजून बाहेरच, ठिणगी नाही. "दहा मोजेपर्यंत सेल्फ मारा, सोडा, दम घेऊ द्या, पुन्हा मारा. दिवा विझंपर्यंत प्लग लावायचा नाही." पहिल्या खेपेस दिवा लागलेलाच. दुसऱ्या खेपेस लागलेलाच. अण्णा काचेतून दिव्याकडे एकटक पाहत होते. तिसऱ्या खेपेस सात मोजले आणि दिवा विझला. हे सारे करायला अर्धा तास लागला. पाडव्याला मी तो वाचवला होता.

प्लग लावले. गाडी चालू झाली, आणि खाली काहीही वाजले नाही. चाचांनी पेचकस कानाला लावून ऐकले, मान डोलावली, आणि मग कौतुकाने टॅपेटच्या फटी अशा बसवल्या की वरूनही काही वाजेना. नव्या गाडीसारखी ती नुसती गुणगुणत होती.

पुढच्या रविवारी आम्ही धारूरला गेलो. गाडी मी चालवली. अण्णा शेजारी, पुढच्या सलग बाकावर, आईच्या जागेला आपला कोट ठेवून. वाटेत उसाने भरलेले दोन ट्रॅक्टर भेटले. गल्लीच्या तोंडाशी अण्णांनी मला जरा थांबायला सांगितले आणि मग म्हणाले, "चल, सावकाश."

आत्याची खाट ओसरीवरच होती. ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. गाडी दारात उभी राहिली तरी ती हलली नाही. अण्णा उतरून जवळ गेले, तेव्हा तिने डोळे उघडले. "कशानं आलास?"

"आपल्या गाडीनं, आक्का."

"ही नव्हं आपली. आपली टकटक करायची."

अण्णांना ते ऐकू गेले की नाही, मला ठाऊक नाही. मी जवळ जाऊन त्यांच्या कानात सांगितले. ते थोडा वेळ आत्याच्या हातावर हात ठेवून बसले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "टॅपेट फार घट्ट बसवलेत त्यानं. वाजणारं टॅपेट बरं, मुकं टॅपेट झडप जाळतं. डिकीत पाने आहेत का बघ."

पाने होते. मी बॉनेट उघडले.